नळीवरचा आकडा आणि खोलीतले तापमान

थर्मल पेस्टच्या नळीवर उष्णतावाहकतेचा आकडा ठळक छापलेला असतो. लॅमिंग्टन रोड असो की नागपुरातले दुकान, ग्राहक आता तो आकडा विचारूनच पेस्ट घेतो. थर्मल ग्रिझलीच्या क्रायोनॉटवर १२.५ वॅट प्रति मीटर-केल्विन असे लिहिलेले असते. त्याच कंपनीच्या कंडक्टोनॉट या द्रवधातूचा आकडा ७३ आहे. असेंब्ली करणाऱ्याने ग्राहकाच्या होला हो म्हणण्याआधी एक छोटे गणित करून पाहावे.

प्रोसेसर २०० वॅट ओढतो आहे आणि ती उष्णता झाकणाच्या मधल्या चार चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडते आहे, असे धरू. पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर आणि वाहकता ५ असेल, तर त्या थरात ५ अंश सेल्सिअसची घसरण होते. वाहकता १० केली तर अडीच अंशांची. दुप्पट आकड्यातून हाती आले ते अडीच अंश. आता हीच १० आकड्याची पेस्ट ०.१ मिलिमीटर जाड बसली, की पुन्हा ५ अंश. म्हणजे जाड थरातली महाग पेस्ट आणि पातळ थरातली साधी पेस्ट एकाच जागी येऊन उभ्या राहतात. त्या जागी केवळ हवा असती, तर हेच उत्तर कागदावर साडेनऊशे अंशांच्या पुढे गेले असते, कारण हवेची वाहकता जेमतेम ०.०२६ आहे. पेस्ट असणे आणि नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोन बऱ्या पेस्टमध्ये मात्र थोड्याच अंशांचे.

नॉक्टुआ ही कंपनी तर आपल्या पेस्टचा हा आकडा जाहीरच करत नाही. नळीवरून कळत नाही तो थर किती पातळ बसणार, आणि तो ठरतो हीटसिंकच्या दाबावर, दोन्ही पृष्ठभागांच्या सपाटीवर आणि स्क्रू आवळण्याच्या क्रमावर. या तिन्ही गोष्टी असेंब्ली करणाऱ्याच्या हातात आहेत. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, हे सर्वांना ठाऊक असते; संध्याकाळी चौथी मशीन बांधताना ते पाळले जाते का, हा खरा प्रश्न आहे.

याचा धडा इंटेलने २०१२ साली सगळ्या व्यवसायाला दिला. आधीच्या सँडी ब्रिजमध्ये सिलिकॉन आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होते. आयव्ही ब्रिजमध्ये त्याजागी पेस्ट आली आणि तापमान चढले. सगळा ठपका पेस्टवर आला. पण झाकण उघडून मोजमाप करणाऱ्यांना दोषाचा मोठा वाटा फटीत सापडला: झाकण चिकटवणाऱ्या डिंकाच्या जाडीमुळे पेस्टचा थर गरजेपेक्षा जाड राहत होता. २०१८ मध्ये कोअर आय९-९९००के सोल्डरसह आला.

दाबाचा प्रश्न तिथे संपला नाही. २०२१ च्या अखेरीस आलेल्या एलजीए १७०० सॉकेटची कडी लांबट प्रोसेसरला दोन्ही कडांवर मधोमध दाबते. त्यामुळे प्रोसेसर किंचित वाकतो आणि झाकणाच्या मध्यभागी खळगा राहतो. कॉन्टॅक्ट फ्रेम बसवली की दाब कडेने सारखा वाटला जातो आणि पेस्ट बदलून मिळाले नसते तेवढे अंश मिळू शकतात. मात्र अशा बदलाने वॉरंटी धोक्यात येऊ शकते, हे ग्राहकाला आधी सांगणे बंधनकारक मानावे. एएमडीच्या एएम५ प्रोसेसरमध्ये कोअर असलेल्या चकत्या मध्यापासून बाजूला आहेत, म्हणून नॉक्टुआ हीटसिंक ७ मिलिमीटर सरकवणाऱ्या पट्ट्या देते आणि १ ते ३ अंशांची घट सांगते. महाग आणि मध्यम पेस्टमधला फरकही बहुधा याच घरातला.

द्रवधातूची मागणी मात्र नम्रपणे पण ठामपणे नाकारावी. गॅलियमचे हे मिश्रण ॲल्युमिनियमला पोखरते आणि वीज वाहून नेते. थेंब सॉकेटजवळच्या कपॅसिटरवर गेला की बोर्ड गेला. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये द्रवधातू वापरला, पण चिपभोवती बंदिस्त कडे करून आणि दोन वर्षांहून अधिक तयारी करून. दुकानाच्या काउंटरवर ती तयारी होत नाही.

लॅपटॉपचा प्रश्न वेगळा आहे. तिथे झाकण नसते, चिप उघडी असते, आणि तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात पातळ पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. नवी पेस्ट लावून दिलेली मशीन काही महिन्यांत पुन्हा तापू लागते, ती बहुधा यामुळे. अशा ठिकाणी हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी अवस्था बदलणारी पट्टी बरी. सुमारे ४५ अंशांना ती मऊ होऊन पसरते आणि नंतर जागा सोडत नाही. तिचा छापील आकडा ८.५ आहे, नळ्यांवरच्या कितीतरी आकड्यांपेक्षा कमी. टिकाऊपणा त्या आकड्यात मोजला जात नाही.

आता वॉटर कूलिंग. विदर्भात कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवरून झिरपणारे पाणी डोळ्यांपुढे येते. ते पाणी बाष्पीभवनाने हवा गार करते. प्रोसेसरच्या बंदिस्त नळ्यांमधले पाणी असे काही करत नाही. ते उष्णता रेडिएटरपर्यंत नेऊन खोलीच्या हवेत सोडते. खोलीपेक्षा थंड ते कधीच होत नाही, म्हणून दमट कोकणातही त्यावर दव धरण्याची भीती नाही. आणि म्हणूनच परदेशी चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. २२ अंशांच्या खोलीत ७८ दाखवणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ५६ अंशांनी गरम आहे. मे महिन्यात अकोल्याला वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० अंश असताना तोच ९६ वर जायला निघेल, आणि रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ ला स्वतःचा वेग कमी करतात.

कुणाला पाणी लागते आणि कुणाला नाही, हे वॅटवरून ठरवावे. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर २४० मिलिमीटरचा रेडिएटर बसवणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे. रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत, कोअर आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. तासन्‌तास रेंडरिंग चालणार असेल तर तिथे ३६० मिलिमीटरचा रेडिएटर सार्थकी लागतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात दोन मनोऱ्यांचा चांगला हीटसिंक पुरतो. त्याचा पंखा बंद पडला तरी धातू काही उष्णता घेत राहतो. पंप बंद पडला तर पाणी जागच्या जागी थिजल्यासारखे होते आणि तापमान काही क्षणांत चढते. पंपाला बदलता भाग नसतो, सहसा पूर्ण संचच बदलावा लागतो. हा खर्च विक्रीच्या वेळी सांगितला गेला पाहिजे.

पाणी बसवायचेच ठरले, तर हवा कुठे साचेल ते पाहावे. नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे थोडा थोडा उडतो आणि हवेचा बुडबुडा सर्वांत उंच जागी जमतो. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. स्वतः जोडलेल्या संचात तांब्याची कोल्ड प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र आणू नये, गंज ठरलेला. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकातही द्रवाने थेट उष्णता काढली जाते. पण तिथे त्या द्रवाची आणि पंपांची देखभाल हे कुणाचे तरी रोजचे काम असते, घरच्या मशीनला ते सुख नाही.

कधी कधी दोष उष्णतेत नसतोच. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होत होते, त्याचे मूळ वाढीव व्होल्टेजमध्ये निघाले आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला. अशा मशीनवर किती नळ्या रिकाम्या केल्या असत्या तरी ती सुधारली नसती. ९५ अंश पाहून पेस्ट काढण्याआधी बायोस अद्ययावत आहे का आणि पॉवर लिमिट मोकळी सोडलेली आहे का, हे तपासावे. ७९५०एक्स १०५ वॅटच्या इको मोडवर चालवला तर बहुतेक ग्राहकांना वेगातला फरक जाणवतही नाही, पंख्याचा आवाज मात्र लगेच कमी होतो.

या मासिकाची व्यावसायिकांकडे एक मागणी आहे. मशीन हातावेगळी करताना पूर्ण भारावर अर्धा तास चालवावी, आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान व त्या वेळचे वॅट हे तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत. ग्राहक वर्षभराने तक्रार घेऊन आला की दोन्ही तापमानांतला फरक पुन्हा मोजता येतो. तेवढ्याच वॅटवर तो फरक वाढला असेल तर धूळ, पंप किंवा पेस्ट पाहायची. वाढला नसेल तर मशीन न उघडता खोलीत हवा खेळती करायला सांगायचे आणि सर्व्हिसिंगचे पैसे घ्यायचे नाहीत.