स्वस्त गुडघा, महाग दिरंगाई

२०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा रुग्णाला सरासरी १,५८,३२४ रुपयांस पडत होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये व वर कर अशी ठरली. रुग्णाच्या अगतिकतेवर चाललेल्या नफेबाजीला इतका उघड चाप क्वचितच बसतो. त्या निर्णयाचे श्रेय सरकारला देण्यात आम्हांला मुळीच संकोच वाटत नाही. परंतु सांधा बदलणे हा या दुखण्याच्या कथेतील शेवटचा अध्याय होय. त्याआधीची दहा-वीस वर्षे रुग्ण काय करीत असतो, आणि त्या वर्षांत सरकार कोठे असते, हा खरा प्रश्न आहे.

संधिवाताने सहसा माणूस मरत नाही. मृत्यूच्या नोंदवहीत ज्या रोगाचे नाव चढत नाही, त्याची दखल आरोग्यखात्याच्या दप्तरीही उशिरानेच घेतली जाते. घरोघरीही हाच न्याय. 'वय झाले, आता गुडघे कुरकुरायचेच,' असे म्हणून आपण आईला तेलाची बाटली आणून देतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते व मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपले वाडवडील म्हणत. हे दुखणे मात्र मुंगीच्या पावलांनी येते आणि जातच नाही.

त्याची मोजदाद करता येते, हे पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर असलेल्या भिगवण या गावाने दाखवून दिले आहे. जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये एक उपक्रम आखला होता. त्याअन्वये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या गावाची पाहणी केली. भारतातील अशी ही पहिलीच पाहणी. तिची पद्धत साधी होती. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता घरोघर जायचे आणि 'कोठे दुखते?' असे विचारायचे. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे शेकडा १८ जणांनी, सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे सांगितले. झिजेचा संधिवात शेकडा सुमारे ६ जणांत आढळला, तर आमवात दर दोनशे माणसांत एकाला. बऱ्याच जणांचे दुखणे तर वैद्यकाच्या कोणत्याही ठराविक नावात बसेना. सुखवस्तू शहरी म्हातारपणाचे लाड म्हणून या रोगाकडे पाहणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

झीज आणि आमवात हे दोन निरनिराळे रोग आहेत, आणि दोहोंना एकाच तेलाने चोळण्याची आपली रीत फार घातक आहे. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. ऐन तिशी-चाळिशीत बोटे सुजू लागतात, सकाळी मूठ मिटत नाही, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांच्याच वाट्याला तो कितीतरी अधिक येतो. पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार सुरू झाले, तर सांधे पुष्कळ अंशी वाचविता येतात. यावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे होय. ते महाग नाही आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणूनच रक्ताच्या तपासण्या करणारा आणि दर भेटीला बजावून सांगणारा डॉक्टर जवळ हवा. तो नसला की त्याची जागा कोण घेतो? ज्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले असते अशा पुड्या विकणारा भोंदू, किंवा दुकानातून वर्षानुवर्षे आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. या गोळ्यांनी आज गुडघा थांबतो आणि उद्या मूत्रपिंड थकते.

झिजेच्या बाबतीत सांधा पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. परंतु आटोक्यातले वजन, मांडीच्या स्नायूंना नेमाने दिलेला व्यायाम आणि सांध्याला झालेल्या इजेवर वेळीच इलाज, या उपायांनी रोग लांबविता येतो व वेदना कमी होतात. दिसायला हे उपाय क्षुल्लक. बहुधा त्यांचे उद्घाटन करता येत नाही, हाच त्यांचा दोष असावा.

असंसर्गजन्य रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्यासाठी सुरू झाला. २०२३ मध्ये त्याचे नाव बदलले, आणि श्वसन, मूत्रपिंड व यकृत यांच्या जुनाट विकारांनाही त्याच्या छत्राखाली जागा मिळाली. संधिवात अजून उंबरठ्याबाहेरच आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे व त्यात व्यायामोपचाराची तरतूदही आहे, असे उत्तर दिले जाईल. ते खोटे नाही. पण बत्तिसाव्या वर्षी बोटे वाकू लागलेल्या बाईने त्या वृद्धांच्या रांगेत उभे राहावयाचे काय?

पैसा मर्यादित आहे, प्राणघातक रोगांचा हक्क आधी, हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे. तथापि आम्ही नवे खाते मागत नाही. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, मधुमेह व तीन प्रकारचे कर्करोग यांच्या तपासणीसाठी आरोग्यसेविका आज घरोघर पोहोचतच आहेत. त्यांच्या कागदावर दोन प्रश्न वाढवावेत: सांधे सुजतात काय? सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो काय? 'होय' असे उत्तर देणाऱ्याला महिन्याच्या आत जाणकार डॉक्टरसमोर बसविण्याची जबाबदारी जिल्हा रुग्णालयाने घ्यावी, त्यासाठी तेथे आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावा, आणि मेथोट्रेक्सेट व रक्ततपासणी विनामूल्य द्यावी. महाराष्ट्र सरकारला हे करण्यास दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. सुरुवात पुणे जिल्ह्यापासून करावी. भिगवण याच जिल्ह्यात आहे.