थकलेले घरभाडे



१८५६मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबाग धुरांड्यांनी भरून गेले. गिरण्यांना माणसे हवी होती. त्यांना निवारा देणे मात्र कोणी आपले काम मानले नाही. १८९६च्या प्लेगनंतर सरकारला कोंदट चाळींची दखल घ्यावी लागली. १९२०च्या दशकात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडीला सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभ्या राहिल्या : एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि मजल्याला सामाईक संडास.

अशा खोलीत एका गावचे दहा-पंधरा गडी राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रात्रपाळीचा आडवा होई. जेवण खानावळवालीकडे, हिशेब पगाराला. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. आजारी पडला की कामगार कोकणात नाहीतर घाटावर परते. बाळंतपण आणि म्हातारपणही गावीच.

पगार जेमतेम एका माणसाला पुरणारा होता. उरलेला संसार गावाकडच्या तुटपुंज्या शेतीने आणि बायकांच्या राबण्याने ओढला. गिरण्यांच्या ताळेबंदात हा खर्च कधी मांडला गेला नाही. संपात उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांना सावकाराच्या दारातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांना १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढावे लागले.

चाळीच्या गणेशोत्सवाचे आणि शेजारधर्माचे कौतुक दिवाळी अंकांनी भरपूर केले, आम्हीही केले. पण तो शेजार अडचणीतून जमला होता, हे सांगायचे राहून जाते.

१८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या गेल्या, जमिनींचे टॉवर झाले. बीडीडीच्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. गिरणी कामगारांचे हजारो वारस मात्र अजून वाट पाहत आहेत, आणि त्यांना घर दाखवले जाते ते मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला. 'फुकटात घर कशाला?' असे विचारणाऱ्यांनी वरचा हिशेब पुन्हा वाचावा. हे घर आम्ही थकबाकी मानतो, आणि थकबाकी जिथे थकली तिथेच, मुंबईत, चुकती व्हावी.

यंदाचा दिवाळी अंक म्हणूनच 'कामगाराचे घर' या विषयाला दिला आहे. पटेल ते कळवा, न पटेल ते आवर्जून कळवा.



— संपादक