‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला आपल्याकडे पहिलं औषध मिळतं ते तोंडी. “मन घट्ट कर.” त्यामागोमाग “तुला काय कमी आहे?” आणि “चार लोकांत मिसळ.” बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण या तिन्ही वाक्यांच्या पोटात एक आरोप दडलेला आहे: हा माणूस प्रयत्नच करत नाही. तो आरोप मला खोडायचा आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून नव्हे. विचार बदलला की भावना बदलते, हे खरं आहे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोचवली, ती याच पायावर उभी आहे. 2002 साली केविन ऑक्सनर, जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्त्रियांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली आणि त्यांचा वेगळा, सौम्य अर्थ लावायला सांगितलं. एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये कपाळामागच्या भागातली हालचाल वाढलेली दिसली आणि अमिग्डाला हा धोक्याची वर्दी देणारा, बदामाएवढा भाग शांत होताना दिसला. मग निराश माणसाला हेच का जमू नये? प्रश्न रास्त आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात टॉम जॉनस्टन, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नैराश्याचे 21 रुग्ण होते आणि 18 निरोगी माणसं. काम तसंच: वाईट चित्र पाहायचं आणि मनात उठलेली भावना आवरायची. डोक्याला ताण पडला की बाहुली विस्फारते, म्हणून डोळ्याच्या बाहुलीवरही नजर ठेवली होती. निरोगी माणूस जितका जोर लावी, तितका त्याचा अमिग्डाला निवे. रुग्णांमध्ये उलटं घडलं. जोर वाढला तशी अमिग्डालाची हालचालही वाढली. कपाळामागचा भाग त्यांच्यातही कामाला लागला होता, दोन्ही बाजूंनी. पण तिथून अमिग्डालाला शांत करणारी वाट चालू नव्हती. रुतलेल्या गाडीचं चाक जितकं फिरवावं तितकं खोल जावं, तसं हे. अशा माणसाला ‘अजून जोर लाव’ म्हणणं हा सल्ला नव्हे, जाच आहे.

“काल तर लग्नात चांगली हसत होती की! मग आज उठवत कसं नाही?” हे वाक्य मी घराघरांतून ऐकलं आहे, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागतं, कारण त्यात ढोंगाचा संशय आहे. 2009 साली ॲरन हेलर आणि याच विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांना सुखद चित्रं दाखवून तो आनंद वाढवायला सांगितला. सुरुवातीला मेंदूतल्या आनंदाशी निगडित भागाची हालचाल निरोगी माणसांसारखीच होती. प्रयोग पुढे सरकला तशी रुग्णांमधली ती ओसरत गेली. म्हणजे हसू खोटं नव्हतं, टिकलं नाही इतकंच. लग्नात हसलेली बाई सकाळी भिंतीकडे तोंड करून पडली असेल, तर दोन्ही वेळा ती खरीच असू शकते.

आता माझ्याच बाजूच्या एका मताचं खंडन करायला हवं. “स्कॅन काढा, नैराश्य दिसेल” असं म्हणणारे लोक आहेत. दिसत नाही. एफएमआरआय विचारांचा फोटो काढत नाही. रक्तातल्या प्राणवायूचा फरक तो काही सेकंद उशिराने मोजतो, आणि नकाशावरच्या एकेका ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. लाल-पिवळा रंग संगणकाने आकडेमोडीनंतर भरलेला असतो. ती आकडेमोड सैल ठेवली तर काय होतं, हे क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून दाखवलं: त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ उमटली. 2017 मध्ये नैराश्यावरचे 99 प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा सगळ्यांना जुळेल अशी एकही ठाम जागा सापडली नाही.

मग माझा साक्षीदार फुटला का? नाही. 39 जणांच्या सरासरीवरून तुमच्या भावाचं निदान होणार नाही, हे मी मान्य करतो. पण आरोप सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते. ‘उठला नाही, म्हणजे प्रयत्न केला नाही’ असं ठामपणे म्हणायचं, तर प्रयत्न आणि परिणाम यांचं नातं प्रत्येक मेंदूत एकसारखं असावं लागेल. ते तसं असल्याचा पुरावा कुठे आहे?

यावर कोणी म्हणेल, मग प्रयत्न सोडूनच द्यायचे का? उपचार हाही प्रयत्नच आहे, पण त्यात ओझं एकट्यावर नसतं. निदान मानसोपचारतज्ज्ञ बोलून करतात: झोप, भूक, रस, थकवा, आणि हे सगळं किमान दोन आठवडे टिकलं आहे का. गरजेप्रमाणे औषध असतं. उपचाराची एक पद्धत तर मनाशी झुंजायला सांगतच नाही. आठ वाजता अंघोळ, मग कोपऱ्यापर्यंत चालणं, आवडो वा न आवडो. मूड सुधारायची वाट न पाहता कृती आधी. घरच्यांना त्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. चपला घालून दाराशी उभं राहायचं आणि म्हणायचं, “चल, मीही येतोय.”