पाइपाचा ‘किलो’ वजनाचा नाही, दाबाचा



पावसाळ्याआधी विहीर ते शेततळे लाइन टाकायची घाई सुरू आहे. पाइपाची ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये माझी लाइन फुटली. मोसंबीवर आंबे बहाराची बारीक फळं, आणि बाग पाच दिवस कोरडी. फळगळ झाली ती झालीच. दुकानात मी एवढंच म्हणालो होतो, "७५ चा पाइप द्या, सगळे नेतात तोच." चूक माझी होती. मी हिशोबच केला नव्हता.

आपण "४ किलोचा", "६ किलोचा" पाइप म्हणतो. बरेच जण ते वजन समजतात. ते वजन नाही. एका चौरस सेंटिमीटरवर पाइप सतत किती किलो दाब सोसेल, त्याचा तो आकडा आहे. १० मीटर उंच पाणी चढवलं की १ किलो दाब येतो.

*माझ्या लाइनचा हिशोब*
▪ विहिरीच्या तोंडापासून शेततळ्यापर्यंत चढ १४ मीटर
▪ ६०० मीटर लाइन (२० फुटी साधारण १०० पाइप), सेकंदाला ४ लिटर पाणी : घर्षणाचे साधारण १० मीटर
▪ एकूण २४ मीटर, म्हणजे २.४ किलो

मग ४ किलोचा पुरायला हवा होता ना? इथेच गडबड आहे. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. मोटर झटकन बंद पडते, चढलेलं पाणी उलटं येऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतं. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी असं एकदम थांबलं, तर या पाइपात साधारण ३ किलो दाब क्षणात वाढतो. २.४ आणि ३ मिळून ५.४ किलो. पाइप पहिल्याच दणक्याला फुटत नाही. रोजच्या दणक्यांनी थकतो, सांधे ढिले होतात, आणि नेमका गरजेच्या दिवशी जातो.

*जाडी कशी ठरते?*
दाब × बाहेरचा व्यास ÷ (२ × पीव्हीसीचा सुरक्षित ताण + दाब). सुरक्षित ताण साधारण ८६ किलो धरतात.
▪ ४ किलो : ४ × ७५ ÷ १७६ = १.७ मिमी. आयएस ४९८५ मध्ये किमान १.८
▪ ६ किलो : ६ × ७५ ÷ १७८ = २.५ मिमी. आयएस मध्ये किमान २.६

फरक फक्त ०.८ मिमीचा. पण माझी बाग त्या ०.८ मिमीवर उभी होती. व्यास वाढला की त्याच दाबाला जाडीही वाढते. म्हणून ६३ च्या पाइपाची जाडी ९० ला चालत नाही.

माझं स्पष्ट मत : सरसकट ४ किलोचा घेणं चूक, आणि सरसकट ६ चा घेणंही पैसे मातीत घालणं आहे. सपाट रानात, जवळच्या विहिरीवरून ४ किलो पुरतो. चढाच्या लाइनला मोटरकडचा आणि खोलगट भाग ६ चा घ्या. वर जाईल तसा दाब कमी होतो, तिथे ४ चा चालतो. मी आता अर्धी-अर्धी लाइन अशीच केली आहे.

*घेताना*
▪ पाइपावर आयएस ४९८५, व्यास आणि क्लास छापलेला बघा. क्लास २ म्हणजे ४ किलो, क्लास ३ म्हणजे ६ किलो
▪ लेथवाल्याकडून व्हर्निअर आणून चार-पाच ठिकाणी जाडी मोजा
▪ बिलावर क्लास लिहून घ्या. नुसतं "७५ पाइप" चालवून घेऊ नका
▪ लाइन गाडाच. उन्हात तापलेल्या पाइपाची ताकद कमी होते
▪ ऑटो लावला असेल तर उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवाच. रिकाम्या लाइनीत हवा कोंडली की दणका बसतो

कडवंचीची द्राक्षं शेततळ्यांवर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तळ्यात पाणी असून ते झाडापर्यंत पोहोचलं नाही, तर त्या तळ्याचा उपयोग काय?

एकत्रित खरेदीत नाव देताना तीन आकडे सोबत पाठवा : *चढ किती, लांबी किती, मोटर किती एचपी.* आकडे आले की प्रत्येकाचा हिशोब करूनच ऑर्डर द्यावी, असं मी संचालकांच्या बैठकीत मांडणार आहे. दर नंतर विचारा, आधी दाब विचारा.

— आपलाच एक सभासद, जालना