ट्रॅक्टरची किल्ली कुणाकडे?

गेल्या जूनमधली गोष्ट. अलिबाग तालुक्यातल्या किहीमच्या एका बचत गटाबरोबर मी काम करते. या गटाने एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला आहे. गटातल्याच दोघी तो चालवतात आणि गावातल्या लहान शेतकऱ्यांना तासाच्या भाड्याने नांगरणी, चिखलणी करून देतात. पावसाने जोर धरला, राबातलं रोप लावणीला आलं आणि नेमकी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट रुसली. मागचा रोटाव्हेटर पुरता उचलेना. तो उचलला नाही तर बांधाशी ट्रॅक्टर वळत नाही, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जात नाही. रोप मात्र कुणासाठी थांबत नाही. वीस-पंचवीस दिवसांचं झालं की ते लावायला हवं. उशीर झाला की फुटवे कमी आणि भातही कमी.

मिस्त्री आला. दोन मिनिटं आवाज ऐकून म्हणाला, ‘पंप गेलाय, बदलावा लागेल.’ त्याने सांगितलेला आकडा गटाच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा होता. ट्रॅक्टर चालवणारी ताई काही सांगायला पुढे झाली, तर तो म्हणाला, ‘वहिनी, घरातल्या कुणा माणसाला बोलवा. त्याला समजावून सांगतो.’

आणि मी काय केलं? समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, ‘निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग’ या विषयावर शिबिरं घेणारी मी कर्जाचा अर्ज भरायला बसले. ताईला काय सांगायचं होतं, हे मीसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी तिनेच विषय काढला. ‘पंधरा दिवस झाले, लिफ्ट वर घेतली की कण्हल्यासारखा आवाज येतो. धक्के खात अर्धी वर जाते. पण इंजिन बंद केलं तरी तिथंच राहते, खाली बसत नाही.’

शेजारच्या गावातल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांना आम्ही हे सांगितलं. त्यांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘निम्मं काम हिनेच केलंय.’ मग त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावलं. पंप ऑइल ओढतो, ते दाबाने सिलिंडरमध्ये जातं, पिस्टन सरकतो आणि मागचे दोन हात वर उचलले जातात. इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली येत असेल, तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळत असतो. आमचं खाली येत नव्हतं. म्हणजे आत गेलेलं ऑइल टिकत होतं, पण पुरेसं आत जातच नव्हतं. पंप कण्हतो तेव्हा बरेचदा त्याला ऑइल कमी पडत असतं किंवा तो ऑइलबरोबर हवा ओढत असतो. पंप झिजलेलाही असू शकतो, पण तो सर्वांत महागाचा संशय, म्हणून सर्वांत शेवटी. आधी ऑइल किती आहे, कसं आहे आणि जाळी साफ आहे का, हे बघायचं. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये तर पीटीओचा दांडा टाकलेला नसला तरी लिफ्टचा पंप फिरत नाही. तेही तपासून घ्यायचं.

ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं, म्हणजे त्यात पाणी गेलं होतं. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि लिफ्टला एकच ऑइल असतं. आमचा ट्रॅक्टर समुद्राच्या दमट हवेत, फाटक्या ताडपत्रीखाली उभा असायचा. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं होतं, तिथून पाणी झिरपलं होतं. जाळी काढली तर ती गाळाने लिंपलेली. ऑइल काढलं, जाळी धुतली, रबर बदललं, नवं ऑइल भरलं. लिफ्ट उचलली. पंप अजून तोच आहे.

काकांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या इथे मुद्दाम लिहिते. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरायचं नाही. आधी ते जमिनीवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं. आणि गळती कुठे आहे ते बोटाने चाचपायचं नाही, दाबाखालचं ऑइल कातडीत घुसतं. तिसरी गोष्ट बायकांनीच एकमेकींना सांगितली. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, त्यामुळे पदर-ओढणी घट्ट खोचल्याशिवाय जवळ जायचं नाही.

मैत्रिणींनो, प्रश्न एका मिस्त्रीच्या वागण्याचा नाही. बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं की आपणही शिवण, पापड, मसाले यांच्या पलीकडे फारसं जात नाही. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पण गावातल्या किती मुलींना आपण त्याबद्दल सांगितलं? २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत स्त्री शेतकऱ्यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं, इतरांना सर्वसाधारणपणे ४० टक्के. वाढीव अनुदानासाठी कागदावर बायकोचं नाव लागतं आणि ट्रॅक्टरची किल्ली नवऱ्याच्या खिशात राहते, हे आपण सगळ्या जाणतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला. ‘कसेल त्याची जमीन’ हे आपण अभिमानाने म्हणतो. ‘कसेल तिची’ म्हणायला मात्र अजून जीभ अडखळते.

प्रत्येकीने मिस्त्री व्हावं, असं माझं म्हणणं नाही. आम्हालाही काकांची आणि त्यांच्या पान्यांची गरज लागलीच. पण यंत्राशी जिचा रोजचा संबंध आहे, तिला ते आधी कळतं. तिचं निरीक्षण विचारात न घेता खर्च ठरवणं म्हणजे तिच्या कष्टाचे पैसे तिला न विचारता उधळणं. यात मिस्त्रीइतकीच कार्यकर्तीही दोषी असू शकते, हे मी स्वतःवरून शिकले.

आता ट्रॅक्टरजवळ एक वही टांगली आहे. आज किती तास चालला, ऑइल कसं आहे, आवाज कसा येतो, हे चालवणारी ताई रोज लिहिते. कुणीही मिस्त्री आला की आधी ती वही त्याच्यापुढे ठेवायची आणि मगच बोनेट उघडायचं, असं गटाने ठरवलं आहे. तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरची, पिठाच्या गिरणीची, पाण्याच्या पंपाची किल्ली कुणाकडे असते आणि ते बिघडल्यावर विचारलं कुणाला जातं? पुढच्या बैठकीत एवढं तरी विचारून बघा आणि काय उत्तरं मिळतात ते आम्हाला जरूर कळवा.