गाडीगप्पा : काचेवरचा ओशट राप

मंडळी, कार्यक्रमाची आमंत्रणं द्यायला फोन करावेत तर हल्ली बऱ्याच घरांतून एकच उत्तर येतं. "यायचं आहे हो, पण रात्री परत गाडी कोण चालवणार? समोरून येणारे दिवे असे पसरतात की रस्ताच दिसत नाही. आता वय झालं." हे म्हणणारे लोक १९७०च्या आगेमागे इथे आलेले, पन्नास वर्षं शिकागोच्या बर्फातून गाडी हाकलेले. त्यांना माझी विनंती अशी की किल्ल्या मुलाच्या हाती देण्याआधी गाडीची पुढची काच एकदा पुसून पाहा. आणि पुसायची ती आतून.

बाहेरून काच सगळेच धुतात. गॅस स्टेशनवर उभं राहिलं की आपण ती रबरी पट्टी फिरवतोच (त्या बादलीतलं पाणी कितपत स्वच्छ असतं हा वेगळा विषय). आतल्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं हात लागत नाही, कारण तिथे धूळ दिसत नाही. तिथे असतो तो ओशट राप. गॅसच्या शेगडीमागच्या भिंतीवर फोडणीचा जसा चिकटा बसतो, तसाच हा, फक्त इतका पातळ की सावलीत काच लख्ख वाटते. उन्हाची तिरीप किंवा समोरच्या गाडीचा दिवा पडला की तोच राप प्रकाश चहूकडे उधळतो आणि आपल्यापुढे पांढरा पडदा उभा राहतो.

हा येतो कुठून? मुख्यतः डॅशबोर्डमधून. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही तेलकट द्रव्यं घातलेली असतात. उन्हात बंद गाडी तापली की ती वाफ होऊन उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीचा जो वास आपल्याला आवडतो तो बराचसा याच प्रकारातला. म्हणून "गाडी नवीन आहे, काच कशाला पुसायची?" हे उलटं आहे, नव्या गाडीत राप लवकर धरतो. त्यात भर आपली: गाडीच्या पूजेची उदबत्ती, कोणी ओढत असेल तर सिगारेट, डॅशबोर्ड चकचकीत करायचं पॉलिश. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे काचेवर धुकं धरलं की तळहाताने पुसणं. हाताचं तेल काचेला लागतं, आणि मळकट काचेवर धुकं आणखी लवकर धरतं. त्याऐवजी डिफ्रॉस्टरचं बटण दाबा, बाहेरची हवा आत घ्या आणि थंडीतही एसी चालू राहू द्या. एसी हवेतली ओल काढून घेतो.

नेपरव्हिल, ऑरोरा या बाजूला राहून शहरात नोकरीला जाणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. आय-८८ने सकाळी पूर्वेला जायचं, संध्याकाळी पश्चिमेला परतायचं. मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेच्या आसपास सूर्य अगदी पूर्व-पश्चिम असतो, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा तो समोरच. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की संध्याकाळची गाडी अंधारात, आणि मग सूर्याची जागा समोरचे दिवे घेतात.

आता पुसायचं कसं. ओशट पातेलं नुसत्या पाण्याने निघत नाही हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं, पण काचेच्या बाबतीत आपण तेच करतो. निळ्या स्प्रेचे दोन फवारे मारतो, पेपर टॉवेल गोल गोल फिरवतो आणि तेल इथून तिथे सारवतो. म्हणूनच पुसल्यावर काच आणखी खराब दिसते. तेल आधी सुटायला हवं आणि मग ते काचेवरून उचललं जायला हवं. ही दोन कामं आहेत, आणि त्यांना दोन फडकी लागतात.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब घाला, फेस नको. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून घट्ट पिळा आणि काच पुसून घ्या. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण काढा. त्यानंतर औषधांच्या दुकानात मिळणारं रबिंग अल्कोहोल, ७० टक्क्यांचं चालेल, दुसऱ्या कोरड्या फडक्यावर थोडं घेऊन हातभर भाग पुसायचा, आणि ते उडून जायच्या आत फडक्याची कोरडी बाजू फिरवायची. मग पुढचा भाग. फडकं पिवळट-करडं झालं की घडी बदला. मळलेली घडी पुन्हा फिरवली तर सगळी मेहनत पाण्यात. गाडीची दारं उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ काही पेटतं नको. काचेवर थेट ओतू किंवा फवारू नका, ओघळ डॅशबोर्डच्या फटींत जातो. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावली असेल तर अमोनियाचा क्लीनर तिथे वापरू नका, फिल्म खराब होते.

पुसायला ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटवर बसा. स्टिअरिंग आडवं येत नाही. खालच्या अरुंद कोपऱ्यात हात उलटा करून, मागची बाजू काचेला लावून फडकं सरकवा. आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. नंतर ओरखडा दिसला की तो कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, त्याच्या झाकणात बोटं घालू नका. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर आणि ड्रायर शीट अजिबात नको. त्यांचा थर फडक्यावर राहतो आणि तोच पुन्हा काचेला लागतो. कितीदा पुसूनही रेघा येतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

वर्तमानपत्राच्या बोळ्याबद्दल काही काकू विचारतील. काच पुसली जाते, पण शाई फिकट डॅशबोर्डला लागली की निघता निघत नाही. आणि गावी कंदिलाची काच राखुंडीने घासायचो तसं इथे करू नका; राखेत खडा असला तर ओरखडा कायमचा.

बाहेरच्या बाजूला आधी भरपूर पाणी. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाबरोबर चिकटलेली कचकच कोरडी घासली तर काच चरते. मीठ पाण्याने जातं. रस्त्यावरचं तेल आणि कार वॉशमधलं मेण जात नाही, त्याला वरचाच साबण आणि अल्कोहोल. झाल्यावर काचेवर पाणी ओता. सपाट पसरलं तर काच स्वच्छ, मण्यांसारखे थेंब उभे राहिले तर अजून काहीतरी शिल्लक आहे. (पाणी घसरायचं औषध मुद्दाम लावलं असेल तर थेंब राहणारच.) वायपरचं रबरही अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, नाहीतर पहिल्याच पावसात तो सगळा मळ परत सारवून ठेवील.

एवढं करून रात्री घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. फरक पडला तर ठीक. चष्म्याची काचही पुसली आहे, तरीही दिव्यांभोवती खळी दिसतात, असं असेल तर मात्र गाडीला दोष देऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मोतीबिंदू सुरू होताना असंच होतं, आणि त्याची शस्त्रक्रिया आता बहुधा सकाळी जाऊन दुपारी घरी येण्याइतकी सोपी झाली आहे. चाचणी होईपर्यंत कार्यक्रमाला येणं सोडू नका. तुमच्या बाजूने येणाऱ्या कोणाच्या गाडीत जागा आहे ते मंडळाला विचारा, फोन करायला आम्ही आहोतच.

महिन्यातून एकदा हा उद्योग पुरे, उन्हाळ्यात दोनदा. पुढच्या अंकात बॅटरी, कडाक्याची थंडी पडायच्या आत.