पेट्रोलचा वास अंगवळणी पडू देऊ नका

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात माल उतरवायला थांबलेल्या एखाद्या जुन्या ओम्नीतून पेट्रोलचा वास येतो, तेव्हा चालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच." हे मुळीच चालता कामा नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, गाडीखाली आणि गल्लीतल्या खोलगट जागी साचते. त्यात ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांच्या खालीच असते. म्हणजे गळती झाली तर वाफ चालकाच्या नाकापाशी आणि तापलेल्या भागांजवळ.

याच औरंगपुऱ्यात २९ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजाराला आग लागली आणि दुकानांबरोबर तिथे लावलेली वाहनेही जळाली. कारण वेगळे होते. पण दाटीच्या वस्तीत आग किती वेगाने पसरते, हे शहराने तेव्हा पाहिले आहे.

वासाचा माग काढणे अवघड नाही, फक्त तो केव्हा येतो हे चालकाने नीट सांगायला हवे. टाकी पूर्ण भरल्यावरच येत असेल तर फिटर टाकीच्या तोंडाची नळी, झाकणाचा रबर आणि टाकीवरच्या फ्लोटची गॅस्केट पाहतो. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन बंद केल्यावर वास वाढला, तर निडल नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होते, अशी शंका घ्यायची. ऑइलच्या डिपस्टिकलाच वास असेल तर यांत्रिक पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असावे. अशी गाडी पुढे चालवूच नये. नळी ओली दिसली नाही म्हणून गळती नाही असे समजू नये. पेट्रोल उडून जाते, मागे उरतो तो क्लॅम्पजवळचा पिवळट डाग. शोध घ्यायचा तो इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि बॅटरीच्या टॉर्चने. काडी किंवा लायटर जवळही आणू नये.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमधील मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. ही सूचना मालवाहू गाडीच्या मालकापर्यंत कितपत पोहोचली? तिचा फलक प्रत्येक पंपावर मराठीत लागला पाहिजे.

पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावे : ती चाचणी सायलेन्सरमधून येणारा धूर मोजते, नळीतून झिरपणारे पेट्रोल नाही. व्यावसायिक वाहनांची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. आठ वर्षांवरील पेट्रोल गाडी त्या दिवशी रॅम्पवर चढवून टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी तपासावी आणि चिरलेली नळी बदलल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. फिटरचे हे काम थोड्या वेळाचे आणि नळी-क्लॅम्पचा खर्च किरकोळ असतो. मालकांनी मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. वास आला त्याच दिवशी गाडी गॅरेजला न्यावी.